'मिथिंक्स' : एका इंग्रजी क्रियारूपाचा इतिहास

जुनी इंग्रजी नाटके व गद्य वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस 'मिथिंक्स' हे रूप वारंवार भेटते. त्याचा अर्थ विचारला असता 'आय थिंक', म्हणजे 'मी विचार करतो' किंवा 'मी समजतो', असे उत्तर बहुधा तत्काळ मिळते. प्रथमपुरुषी कर्त्याच्या जागी कर्मरूप कसे आले, असे पुढे विचारले, तर जुन्या कवींनी घेतलेली ती एक सवलत असावी असे सांगून विषय मिटविला जातो. टिपणवह्यांतून आणि सटीप आवृत्त्यांतूनही हाच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. तो चुकीचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. 'मिथिंक्स' मधील क्रियापद हे आजचे 'थिंक' नव्हेच. ते एक निराळे, आता नामशेष झालेले क्रियापद असून त्याचा अर्थ 'वाटणे, भासणे, दिसणे' असा होता. 'मिथिंक्स' म्हणजे अक्षरशः 'मला वाटते'.

याचा पहिला पुरावा त्या रूपातच आहे. शेवटचा 'स्' हा तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय आहे. बोलणारा जर या क्रियेचा कर्ता असता, तर हा प्रत्यय येथे येण्यास काहीच कारण नव्हते. मराठी वाचकाला हे उमगावयास कष्ट पडू नयेत. 'मला तो शहाणा वाटतो', 'मला ती शहाणी वाटते', 'मला तुम्ही शहाणे वाटता' या तिन्ही वाक्यांत 'मला' स्थिर आहे आणि क्रियापद बदलते. ज्याला वाटते त्याच्याशी नव्हे, तर जे वाटते त्याच्याशी क्रियापदाचा मेळ बसतो. आणि जे वाटते ते एखादे संपूर्ण वाक्य असेल, तर 'असे' हे नपुंसकलिंगी एकवचन मध्ये येऊन क्रियापद तृतीयपुरुषी राहते. 'मिथिंक्स' ची घडण नेमकी अशी आहे.

दुसरा आणि अधिक निर्णायक पुरावा इतिहासाचा. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (राज्यकाल ८७१–८९९) याने पोप ग्रेगरीच्या धर्माधिकाऱ्यांसंबंधीच्या लॅटिन ग्रंथाचे भाषांतर इ. स. ८९० नंतरच्या दशकात सिद्ध केले आणि त्याच्या प्रती आपल्या बिशपांकडे पाठविल्या. वुस्टरच्या वेअरफर्थ या बिशपास पाठविलेली प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तिच्या आरंभी राजाचे प्रसिद्ध पत्र आहे. देशातील विद्या कशी लयास गेली याचे वर्णन करून, सर्वांनी जाणणे अवश्य अशी काही पुस्तके सर्वांना कळेल अशा भाषेत उतरवावीत, असा प्रस्ताव राजा त्यात मांडतो. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या पत्रातील दोन जागा महत्त्वाच्या आहेत. विद्येची आस्था न राखल्यामुळे आपल्यावर कोणकोणती संकटे कोसळली याचा विचार कर, असे राजा बिशपास सांगतो, तेथे 'गेथेंच' हे आज्ञार्थी रूप आहे. हे 'थेंचन' (विचार करणे) या क्रियापदाचे रूप. पुढे भाषांतराचा प्रस्ताव येतो तेथे, मला हे अधिक बरे वाटते, तुम्हांसही तसे वाटत असल्यास, या आशयाच्या वाक्यात 'थ्युंच्थ' हे रूप दोनदा आले आहे. एकदा 'मला' या अर्थाच्या 'मे' बरोबर, एकदा 'तुम्हांला' या अर्थाच्या सर्वनामाबरोबर. हे 'थ्युंचन' (वाटणे) या क्रियापदाचे रूप. एकाच लेखकाच्या एकाच पत्रात दोन क्रियापदे, दोन रचना, दोन अर्थ. विचार करणे ही बिशपाने करावयाची क्रिया आहे, म्हणून तिला आज्ञार्थ आहे. वाटणे हे आज्ञेने होत नाही. राजादेखील 'तुम्हांस वाटत असल्यास' एवढेच म्हणू शकतो.

(जुन्या इंग्रजी रूपांचे देवनागरी लेखन येथे स्थूलमानानेच केले आहे. 'थ्युं' मधील स्वर म्हणजे ओठ गोल करून उच्चारलेला इकार होय.)

ही जोडी केवळ इंग्रजीची नव्हे, सबंध जर्मानिक कुलाची आहे. जर्मन भाषेत 'डेंकेन' आणि 'ड्युंकेन' आजही निरनिराळी आहेत, जरी दुसरे आता ग्रांथिक झाले आहे. गॉथिकमध्ये 'थांक्यान' व 'थुंक्यान' अशी जोडी आढळते. आइसलँडच्या भाषेत 'म्येर थीकिर', म्हणजे 'मला वाटते', ही रचना अद्याप जिवंत आहे. दोन्ही क्रियापदे एकाच धातूपासून निघाली असून त्यांत फरक आहे तो मूळ स्वराच्या श्रेणीचा. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर एकात गुण आहे व दुसऱ्यात ऱ्हस्व श्रेणी. 'विचार करणे' याचा मूळ भाव 'स्वतःस भासेल असे करणे' असा प्रयोजक असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे वाटणे हे मूळ आणि विचार करणे हे त्यापासून साधलेले! भूतकाळी रूपांत अनुनासिक लोपून स्वर दीर्घ झाला आणि 'थोख्ते' (विचार केला) व 'थूख्ते' (वाटले) अशी रूपे सिद्ध झाली.

पुढील तीनचार शतकांत ही दोन क्रियापदे ध्वनिदृष्ट्या एकमेकांत मिसळून गेली. गोल इकार मध्य व उत्तर इंग्लंडच्या बोलींत साधा इकार झाला, त्यामुळे 'थ्युं' चे 'थिं' झाले. दुसरीकडे अनुनासिक व कंठ्य यांच्या जोडाक्षरापूर्वीचा एकारही इकाराकडे सरकला. 'इंग्लंड' हे नाव आजही एकाराने लिहून इकाराने उच्चारतात, ते याच प्रवृत्तीमुळे. अशा रीतीने 'थें' चेही 'थिं' झाले. भूतकाळी रूपेही 'थॉट' या एका रूपात विलीन झाली. नैर्ऋत्य आणि आग्नेय भागांतील बोलींनी काही काळ फरक राखला खरा, पण पुढे प्रमाण ठरलेल्या भाषेला त्याचा उपयोग झाला नाही. चॉसरच्या (मृत्यू १४००) काळी दोहोंतला भेद ऐकू येत होता तो ध्वनीत नव्हे, केवळ रचनेत. 'मे' हे पुढे आले तर 'वाटणे', 'आय' हा कर्ता आला तर 'विचार करणे'.

अर्थाचा सारा भार असा रचनेवर पडला, आणि नेमक्या त्याच काळात ती रचनाही ढासळू लागली होती. 'थ्युंचन' हे एकटे नव्हते. भूक लागणे, तहान लागणे, आवडणे, रुचणे, लाज वाटणे, पश्चात्ताप होणे, स्वप्न पडणे, या अर्थांची जुनी इंग्रजी क्रियापदे अशीच द्वितीयेचा वा चतुर्थीचा अनुभवी घेऊन येत. मराठीत या अर्थांचे भाषांतर करताना प्रत्येक ठिकाणी 'मला' हाच शब्द सहजगत्या तोंडी येतो, हे विद्यार्थ्यांनी करून पाहावे. डॅनिश भाषापंडित ओट्टो येस्पर्सन (१८६०–१९४३) याने या स्थित्यंतराचे स्पष्टीकरण एका कल्पित वाक्यावरून केले, ते भाषाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. 'राजाला नासपतीची फळे आवडली' या अर्थाच्या जुन्या वाक्यात 'राजाला' ही चतुर्थी उपपदाच्या रूपावरून कळे आणि अनेकवचनी क्रियापदाचा मेळ फळांशी असे. विभक्तिप्रत्यय झिजले, क्रियापदाचे अनेकवचनही झिजले. उरले 'राजा–आवडणे–फळे' एवढे अनुक्रम दाखविणारे वाक्य. वाक्यारंभीचे नाम कर्ता मानण्याची सवय तोपर्यंत दृढ झालेली होती. म्हणून राजा कर्ता झाला आणि 'लाइक' चा अर्थ 'आवडणे' ऐवजी 'आवड धरणे' असा फिरला. विनंती करताना इंग्रज आजही 'इफ यू प्लीज' म्हणतो. त्यातला 'यू' मूळचा 'तुम्हांस' आहे. पण कर्मरूप आणि कर्तृरूप एकच झाल्यामुळे आज त्याची कोणास शंकाही येत नाही.

येस्पर्सनचे हे विवेचन सुटसुटीत आहे, आणि कदाचित त्यामुळेच थोडे अतिसुटसुटीत आहे. डेव्हिड लाइटफूट याने १९७९ मध्ये ते अधिक ताठर करून एका पिढीतील आकस्मिक पुनर्विश्लेषणाचे रूप त्यास दिले. त्याला सिंथिया ॲलन या विदुषीने १९९५ च्या आपल्या ग्रंथात जो आक्षेप घेतला, तो आपल्या दृष्टीने फार मोलाचा आहे. वाक्यारंभी येणारा चतुर्थ्यंत अनुभवी जुन्या इंग्रजीतच पुष्कळसा कर्त्यासारखा वागत होता, असे तिने दाखविले. दोन वाक्ये जोडताना दुसऱ्याचा कर्ता गाळावयाचा, तर पहिल्यातील असा चतुर्थ्यंत शब्द त्याची जागा भरून काढू शके. मराठी भाषकाला यात नवल वाटू नये. 'मला आपले घर आवडते' या वाक्यात 'आपले' कोणाचे? ज्याला आवडते त्याचे. 'घरी जाऊन मला बरे वाटले' यात घरी कोण गेले? ज्याला वाटले तोच. स्ववाचक सर्वनाम आणि पूर्वकालवाचक कृदन्त ही दोन्ही सामान्यतः कर्त्याकडे पाहतात. येथे ती 'मला' कडे पाहतात, आणि तरीही क्रियापदाचा मेळ मात्र 'मला' शी नाही. विभक्तीने चतुर्थी आणि वागणुकीने कर्ता, असा हा दुहेरी शब्द आहे. दक्षिण आशियातील भाषांच्या या विशेषावर वर्मा व मोहनन यांनी १९९० मध्ये संपादिलेला लेखसंग्रह पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा. इंग्रजीत पुढे जे घडले ते, या दृष्टीने, अकर्त्याचा कर्ता होणे नसून, वागणुकीने कर्ता असलेल्यास विभक्तीनेही कर्ता करणे होय. प्रस्तुत लेखकास हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मग 'मिथिंक्स' मागे का राहिले? त्याचे कारण बव्हंशी सर्वनामात आहे. 'राजा' हे नाम झिजून कर्ता होऊ शकले. 'मे' हे रूप 'आय' होऊ शकत नव्हते. भेद कानाला इतका स्पष्ट होता की पुनर्विश्लेषणास वाव नव्हता. दोनच वाटा उरल्या: रूप टाकून देणे किंवा ते गोठवून ठेवणे. 'त्याला वाटते', 'त्यांना वाटते' या अर्थाची रूपे पहिल्या वाटेने गेली. प्रथमपुरुषी रूप दुसऱ्या वाटेने गेले, कारण आपल्या मनातील भास सांगण्याचा प्रसंग माणसाला सर्वांत अधिक वेळा स्वतःविषयीच येतो. सर्वनाम व क्रियापद जोडून लिहिले जाऊ लागले, आणि तो एक अव्ययासारखा शब्द झाला. तो वाक्याच्या आरंभी, मध्ये, शेवटी, कोठेही बसू लागला. बोलणाऱ्यांना त्यातील क्रियापदाची जाणीव किती मंदावली होती, याची एक गमतीदार साक्ष शेक्सपिअरच्या १६२३ च्या संग्रहात सापडते. त्यात 'मिथॉट' या भूतकाळी रूपाला वर्तमानकाळाचा 'स्' जोडून 'मिथॉट्स' असे रूप छापलेले आहे. भूतकाळाला तृतीयपुरुषी वर्तमानाचा प्रत्यय कोणत्याही व्याकरणात बसत नाही. तो 'स्' आता प्रत्यय उरला नव्हता, शब्दाचे शेपूट झाला होता.

आपल्या भाषेत याचे जुळे उदाहरण रोज कानी पडते. 'तो गावाला गेला वाटतं' असे आपण म्हणतो. येथे 'मला' नाही, 'असे' नाही, आणि 'वाटतं' चा काळही बदलता येत नाही. 'तो गावाला गेला वाटलं' असे या अर्थी कोणी म्हणत नाही. बोलणारा अनुमानाने बोलत आहे एवढेच हे 'वाटतं' सुचविते. इंग्रजीने सर्वनामासह क्रियापद गोठविले, मराठीने सर्वनाम गाळून. या 'वाटतं' चा स्वतंत्र अभ्यास होण्याजोगा आहे.

अर्थाच्या बाजूने पाहता, 'मिथिंक्स' ज्या जागी खऱ्या अर्थाने शोभते त्या जागा बहुधा डोळ्यांशी किंवा स्वप्नाशी निगडित असतात. १६११ च्या इंग्रजी बायबलात, शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात, वेशीवरचा पहारेकरी दुरून धावत येणाऱ्या माणसाच्या धावण्याच्या ढबीवरून तो कोण असावा हे सांगतो. तेथे 'थ्' प्रत्ययाचे जुने रूप 'मिथिंकेथ' आले आहे. पहारेकरी मत देत नाही, त्याला दिसते ते सांगतो. हॅम्लेट पोलोनियसला आकाशातील ढग दाखवितो, तो आधी उंटासारखा, मग वीझल या मुंगसासारख्या प्राण्याप्रमाणे, मग देवमाशासारखा, आणि म्हातारा दरबारी प्रत्येक वेळी मान डोलावतो. त्यातील दुसऱ्या उपमेच्या वाक्यात 'मिथिंक्स' आहे. (हेच २८ चिन्हांचे वाक्य रिचर्ड डॉकिन्स याने १९८६ मध्ये उत्क्रांतीतील संचयी निवडीचे तत्त्व संगणकावर दाखविण्यासाठी वापरले, त्यामुळे ज्यांनी हॅम्लेट वाचला नाही अशा जीवशास्त्रज्ञांनाही हे क्रियारूप परिचित झाले.) मिल्टनने दिवंगत पत्नीवर लिहिलेल्या सुनीताचा पहिला शब्दच 'मिथॉट' आहे, आणि ते सुनीत स्वप्नाचे आहे. गाढवाचे मुंडके गळून पडल्यावर जागा झालेला बॉटम विणकर आपले स्वप्न आठवू लागतो, तेव्हा त्याच्याही तोंडी हेच भूतकाळी रूप येते.

हा भेद भाषांतरात सोडून दिला तर काय हातचे जाते, याचे उत्तम उदाहरण त्याच नाटकाच्या पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात आहे. हॅम्लेट होरेशिओशी बोलता बोलता, आपले वडील आपणांस दिसत आहेत असा भास झाल्याचे 'मिथिंक्स' ने सांगतो. होरेशिओ दचकून 'कोठे?' म्हणून विचारतो; कारण त्याने आदल्या रात्री राजाचे भूत प्रत्यक्ष पाहिले आहे आणि ते अजून राजपुत्रास सांगितलेले नाही. मनश्चक्षूंपुढे, असे हॅम्लेटचे उत्तर येते. येथे 'मी समजतो' किंवा 'माझे असे मत आहे' अशा छटेचे भाषांतर केले, तर होरेशिओने दचकावे कशाला? दिसण्याचा अर्थ त्या क्रियापदात जिवंत आहे म्हणूनच त्या एका प्रश्नाला धार आहे. गोपाळ गणेश आगरकरांच्या 'विकारविलसित' (१८८३) पासून हॅम्लेट मराठीत येत राहिला आहे. यापुढे तो उतरविणाऱ्याने अशा जागी 'दिसते, भासते, वाटते' यांतून प्रसंगानुरूप निवड करावी. राणी गर्ट्रूडचे सुप्रसिद्ध वाक्य तर उलट्या क्रमाने लोकांच्या तोंडी बसले आहे. नाटकात 'मिथिंक्स' वाक्याच्या शेवटी, जाता जाता टाकलेले आहे. लोकोक्तीत ते आरंभी येऊन ठाम मतप्रदर्शन झाले आहे.

एवढा स्पष्ट इतिहास असता चूक रूढ कशी झाली? तिला मोठे आश्रय लाभले होते. डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात, हे रूप नॉर्मन लोकांनी केलेला अपभ्रंश असल्याची समजूत नोंदविली आहे; फ्रेंच भाषकांच्या तोंडी कर्तृरूप व कर्मरूप यांचा घोटाळा होतो, असे तिचे कारण. 'मिसीम्स' हे समानार्थी रूप अधिक व्याकरणशुद्ध आहे, असेही तो सुचवितो. नॉर्मन लोक इंग्लंडात आले १०६६ मध्ये. आल्फ्रेडचे पत्र त्याच्या दीडशे वर्षांहून अधिक आधीचे. जॉन्सनसारख्या पंडितास 'थ्युंचन' हे वेगळे क्रियापद दिसले नाही, कारण ते 'थिंक' च्या पोटात गडप झालेले होते. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या पहिल्या आवृत्तीने (१८८४–१९२८) दोन्ही क्रियापदांना स्वतंत्र नोंदी दिल्या, आणि तेथे या वादाचा निकाल लागला.

या विषयाला जोडून आणखी एक विधान अधूनमधून व्याख्यानांत ऐकावयास मिळते, त्याचा येथे परामर्श घेणे अवश्य आहे. इंग्रज 'आय थिंक' म्हणतो आणि आपण 'मला वाटते' म्हणतो, यावरून इंग्रज कर्तृत्ववान आणि आपण दैवाधीन, असा निष्कर्ष काढला जातो. आल्फ्रेडने डेन लोकांशी आयुष्यभर युद्धे केली आणि विद्येचा पुनरुद्धार आरंभिला, तो 'मला वाटते' म्हणूनच. पाणिनीने अष्टाध्यायीत (१.४.३३) रुचणे या अर्थाच्या धातूंच्या योगात, ज्याला रुचते त्यास संप्रदान संज्ञा दिली, त्यावरून संस्कृत बोलणाऱ्यांचा स्वभाव कोणी ठरवीत नाही. शिवाय मराठीत दोन्ही वाटा खुल्या आहेत. 'मला त्याचे नाव आठवते' आणि 'मी त्याचे नाव आठवतो आहे' यांतला फरक कोणत्याही मुलास कळतो. इंग्रजीने चतुर्थी टाकली ती प्रत्ययांच्या झिजेने आणि पदक्रमाच्या दडपणाने, स्वभावाच्या उत्कर्षाने नव्हे. आइसलँडमध्ये तर उलट घडत आहे. काही क्रियापदांच्या द्वितीयान्त अनुभवीस तरुण पिढी चतुर्थी लावू लागली असून तेथील शुद्धिवादी तिला 'चतुर्थीचा रोग' असे नाव देतात.

शेवटी संपादनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक स्थळ. हॅम्लेटच्या पाचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात नायक होरेशिओस, 'तुला नाही का वाटत?' अशा अर्थाचा प्रश्न करतो. १६०४–०५ च्या क्वार्टो प्रतीत क्रियापद प्रत्ययहीन असून त्यापुढे 'दी', म्हणजे 'तुला', हे कर्मरूप आहे. १६२३ च्या संग्रहात तेच सर्वनाम कायम असून क्रियापदाला मात्र द्वितीयपुरुषी कर्त्याचा प्रत्यय लागला आहे. म्हणजे 'तुला' आणि 'तू' या दोन्ही रचना एकाच जागी एकमेकींवर आदळल्या आहेत. जुळाऱ्याला वा लेखनिकाला 'विचार करणे' एवढेच क्रियापद परिचित होते, आणि समोरच्या हस्तलिखितातील सर्वनाम त्याला टाकवतही नव्हते. उत्तरकालीन संपादकांनी त्या 'स्ट्' मधला 'ट्' वेगळा काढून तो 'इट्' चा संक्षेप मानला आणि 'तुला ते वाटते का' असा पाठ सिद्ध केला. प्रत्यक्षात बदलले ते केवळ एका लोपचिन्हाचे स्थान.